ओल्या रस्त्यावर टायरची पकड आणि सेन्सर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, गाड्यांची आवड असणारे आणि रस्त्यांचं काम बघणारे लोक टायरच्या चाचण्यांबद्दल जे प्रश्न फिरून फिरून विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रमानेच वाचायला हवेत असं नाही. पहिला प्रश्न मात्र सोडू नका, पुढची निम्मी उत्तरं त्याच्या आधाराने दिली आहेत.

पकड थेट मोजणारा सेन्सर मिळतो का?

नाही. सेन्सर बल मोजतो, त्वरण मोजतो, चाकाचे फेरे मोजतो, परतून आलेला प्रकाश मोजतो. पकडीचा आकडा आपण त्यावरून काढतो. याची कारणं दोन.

एक म्हणजे पकड एकट्या टायरची नसते आणि एकट्या रस्त्याचीही नसते. रबर, खडीचा खरखरीतपणा, मधलं पाणी, वेग आणि तापमान या सगळ्यांचा तो एकत्र हिशेब आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक (पकडीचं बल भागिले चाकावरचं वजन) साधारण ०.८ ते ०.९ मिळतो. तोच रस्ता भिजला की ०.४ ते ०.७ च्या दरम्यान कुठेही येतो. ही दरी केवढी मोठी आहे बघा. ‘ओला रस्ता’ असं नुसतं म्हटल्याने त्यातला कुठला आकडा हे काही कळत नाही.

दुसरं कारण जास्त अडचणीचं आहे. पकडीची मर्यादा ती संपते तेव्हाच दिसते. सरळ रस्त्यावर एका लयीत जाणारी गाडी उपलब्ध पकडीचा जेमतेम दहावा हिस्सा वापरत असते. उरलेले नऊ हिस्से शिल्लक आहेत की पाण्याने खाल्ले, हे त्या दहाव्या हिश्श्याकडे बघून ओळखायचं असतं. या क्षेत्रातलं सगळं डोकं तिथे खर्च होतं.

टायरखाली पाण्याचं नेमकं काय होतं?

डनलॉप कंपनीतल्या व्ही. ई. गॉफ यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस मांडलेलं तीन भागांचं चित्र आजही कामाचं आहे. टायर जमिनीला टेकतो त्या ठशाच्या पुढच्या भागात पाण्याचा सलग थर असतो आणि टायर त्यावर चढू पाहत असतो. मधल्या भागात पाणी बरंचसं निघून गेलेलं असतं, पण खडीच्या टोकांवर पातळ पापुद्रा उरतो आणि रबर त्या टोकांवर पसरू लागतं. मागच्या भागात रबर खडीला खरोखर भिडतं. पकड मिळते ती मुख्यतः या शेवटच्या भागातून. वेग वाढला की पहिले दोन भाग लांबतात आणि तिसरा आखडत जातो.

पाणी किती हटवावं लागतं याचा अंदाज सोपा आहे. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी, टायरची रुंदी २० सेंटिमीटर आणि वेग ताशी ८० किलोमीटर धरला, तर एका टायरला दर सेकंदाला सुमारे १३ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. खाचा असतात त्या याच्यासाठी. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात, आणि अनेक देशांत १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर वापरणं बेकायदा आहे. पावसापुरतं बोलायचं तर ही कायद्याची रेषा माझ्या मते फारच उदार आहे. गोटा झालेला टायर कोरड्या रस्त्यावर बिनतक्रार चालतो, म्हणून लोक तो बदलायचं टाळतात.

कोणत्या वेगाला टायर पाण्यावर तरंगतो?

नासाच्या लँगली केंद्रात विमानांच्या चाकांवर प्रयोग झाले. त्यांतून वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ मध्ये एक सूत्र दिलं. टायरमधल्या हवेचा दाब पीएसआयमध्ये (दर चौरस इंचावर किती पौंड) घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि ९ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) येतं. किलोमीटरमध्ये हवं असेल तर ९ ऐवजी १६.७ ने गुणा. ३२ पीएसआय हवेला ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतात, २५ पीएसआयला सुमारे ८३. हवा कमी भरलेली गाडी लवकर तरंगते ती अशी.

सूत्रात वर्गमूळ कुठून आलं? वाहत्या पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. ताशी ६० किलोमीटरला तो सुमारे १.४ बार (एक बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय) असतो आणि ८० ला जवळपास २.५ बार. कारच्या टायरमध्ये हवा भरलेली असते सव्वादोन बारच्या आसपास. पाणी टायरखाली घुसताना त्याचा बराचसा दाब वर उचलण्याच्या कामी येतो. तो आतल्या हवेच्या तोडीचा झाला की टायर जमीन सोडतो.

मात्र या सूत्राला वेदवाक्य मानू नका. ते विमानाच्या टायरसाठी आहे आणि खाचांना पुरून उरेल इतकं पाणी त्यात गृहीत धरलेलं आहे. कारच्या रुंद, झिजलेल्या टायरचा ठसा आखूड आणि आडवा असतो. तो यापेक्षा कमी वेगालाही उचलला जाऊ शकतो. शिवाय तरंगणं म्हणजे दिवा लागणं-विझणं नव्हे. पूर्ण तरंगण्याच्या बऱ्याच आधीपासून पकड ओसरत असते.

रस्ता नुसता दमट असेल तर काळजीचं कारण नाही ना?

आहे. पाणी साचलेलं नसतानाही सावकाश जाणाऱ्या टायरची पकड कोरड्यापेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी भरते, आणि हे तरंगण्याने समजावता येत नाही. भौतिकशास्त्रज्ञ बो पर्सन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याचं एक स्पष्टीकरण दिलं. खडीतल्या बारीक खळग्यांवर रबर बुचासारखं बसतं आणि आतलं पाणी कोंडलं जातं. त्यामुळे रबराला खळग्यात उतरता येत नाही आणि रस्ता त्याच्यापुरता गुळगुळीत होतो. ओल्या रस्त्यावर रबराची पकड बरीचशी या उतरण्या-चढण्यात खर्च होणाऱ्या ऊर्जेतून येते, म्हणून तोटा होतो. यात पहिल्या सरीने धूळ आणि तेल कालवून केलेला चिखलट थर आला, की गणित आणखी बिघडतं.

टायरच्या आत सेन्सर कुठे बसवतात आणि तो काय सांगतो?

सर्वात रुळलेली पद्धत म्हणजे टायरच्या आतल्या अस्तरावर, बरोबर मध्यभागी, एक छोटा त्वरणमापक चिकटवणं. युरोपात २००२ ते २००५ या काळात फिनलंडच्या व्हीटीटी संस्थेच्या पुढाकाराने अपोलो नावाचा प्रकल्प झाला. त्यात अशा ‘हुशार टायर’चा पद्धतशीर अभ्यास झाला आणि नंतरच्या बऱ्याच कामाला दिशा मिळाली.

सिग्नल कसा दिसतो ते नीट बघण्यासारखं आहे. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आणि वेग ताशी ८० धरला, तर फिरणाऱ्या सेन्सरला केंद्राच्या दिशेने सुमारे १६८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या १६८ पट) इतकं त्वरण जाणवतं. सेन्सर ठशाजवळ आला की टायर वाकतो आणि सिग्नलला एक उंच टोक येतं. ठशाच्या आत शिरला की तो तुकडा क्षणभर जमिनीबरोबर सपाट होतो आणि आकडा थेट शून्याच्या आसपास कोसळतो. बाहेर पडताना पुन्हा टोक, आणि मग परत १६८. ठसा १२ सेंटिमीटर लांब असेल तर हा सगळा प्रकार साडेपाच मिलिसेकंदांत आटोपतो. सेकंदाला १०,००० नोंदी घेतल्या तर ठशाच्या वाट्याला जेमतेम ५४ बिंदू येतात. वेग १२० केलात तर त्वरण पावणेचारशे जीच्या वर जातं आणि बिंदू ३६ उरतात.

दोन टोकांमधल्या अंतरावरून ठशाची लांबी मिळते आणि लांबीवरून चाकावरचं वजन. इथपर्यंत सगळं सुरळीत. खरी गंमत पाण्यात आहे. नवख्या माणसाला वाटतं की टायर तरंगू लागला की ठसा आखूड दिसेल. तसं होईलच असं नाही. आतलं अस्तर जमिनीमुळे सपाट झालं की पाण्याच्या दाबामुळे, हे अस्तराला समजत नाही. वजन पाण्याने उचललं तरी टायर चपटाच होतो. बदल दिसतो तो पुढच्या कडेला. पाण्याच्या पाचरीमुळे टायर जरा आधीपासून वाकू लागतो, चढ तितका तीव्र राहत नाही आणि नक्षीचे ठोकळे पाण्यावर आपटल्याने बारीक थरथर वाढते. म्हणून पुढच्या आणि मागच्या कडेची थरथर वेगळी मोजून त्यांचं गुणोत्तर बघतात. मागची कड तुलनेने शांत असते. ती त्याच टायरची, त्याच फेरीतली तुलना म्हणून वापरता येते.

त्वरणमापकाशिवाय ताण मोजणाऱ्या पट्ट्या आणि पिझो फिल्म (वाकली की विजेचा सिग्नल देणारी पातळ पट्टी) अस्तरावर लावतात. नक्षीच्या ठोकळ्यात चुंबक पुरून आत हॉल सेन्सर (चुंबकाचं क्षेत्र मोजणारा) ठेवण्याचाही प्रयोग झाला आहे. ठोकळा किती झुकला ते त्यातून दिसतं. माहिती म्हणून ही पद्धत उत्तम. पण नक्षी झिजते, आणि तिच्याबरोबर चुंबकही.

आतल्या सेन्सरचा डेटा बाहेर कसा येतो?

प्रयोगाच्या गाडीत चाकाच्या मध्यावर स्लिप रिंग (फिरत्या भागाशी विजेची जोडणी टिकवणारी कडी) लावून वायरने, किंवा रेडिओने. नेहमीच्या वापरातल्या टायरमध्ये वायर शक्यच नाही आणि बॅटरी नाण्याएवढी. सेकंदाला हजारो नोंदी सतत पाठवल्या तर ती टिकणार नाही. म्हणून हिशेब आतच करतात आणि बाहेर दर फेरीला चार-दोन आकडे पाठवतात. चिकटवणं हेही नाजूक काम आहे. सेन्सरचं वजन १० ग्रॅम धरलं तरी १६८ जीला त्याच्यावरचा ओढा पावणेदोन किलो वजनाइतका होतो, तोही दर फेरीला बसणारा-सुटणारा. सेन्सर बिघडण्याआधी अनेकदा गोंद हार मानतो.

एबीएसचे (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर आधीच आहेत, ते पुरत नाहीत का?

काही अंशी पुरतात. मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये बॉशचं एबीएस १९७८ मध्ये आलं. तेव्हापासून चाकाचा वेग मोजणं ही मामुली गोष्ट झाली आहे. ब्रेक दाबल्यावर चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा कमी होतो. या फरकाच्या टक्केवारीला स्लिप म्हणतात. पकड साधारण १० ते २० टक्के स्लिपला कमाल असते आणि त्यापुढे उतरते.

स्वीडनच्या फ्रेड्रिक गुस्ताफसन यांनी १९९७ मध्ये दाखवलं की मर्यादेपासून लांब, अगदी किरकोळ स्लिप असतानाही, बल आणि स्लिप यांच्या आलेखाचा चढ बघून रस्त्याचा अंदाज बांधता येतो. कल्पना देखणी आहे, पण अडचण आकड्यांची आहे. नेहमीच्या चालवण्यात स्लिप एक टक्क्याच्या आसपास असते. एका टायरमध्ये हवा थोडी कमी असली, मागे माणसं बसली किंवा गाडी वळणावर असली, की चाकांच्या वेगात तेवढा फरक असाच पडतो. बर्फ आणि कोरडा रस्ता हा भेद अशा पद्धतीने जमू शकतो. कोरडा आणि ओला हा भेद फार बारीक आहे, तिथे मी तिच्यावर एकटीवर विसंबणार नाही. विजेच्या मोटारीत मोटर किती जोर लावते हे जास्त नेमकं कळतं, म्हणून तिथे या पद्धतीला बरे दिवस आहेत.

टायरच्या हवेचा इशारा देणारी यंत्रणा हेच काम करते ना?

नाही. ती हवेचा दाब बघते, पकड नव्हे. पण वरचं सूत्र पाहता हवा बरोबर असणं हे पावसात छोटं काम नाही.

रस्त्यावर पाणी किती आहे हे कसं कळतं?

गाडीखाली किंवा खांबावर बसवलेला प्रकाशीय सेन्सर अवरक्त किरण सोडतो आणि परत किती येतात ते बघतो. १४५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश पाणी चांगलाच शोषतं. शेजारच्या, कमी शोषल्या जाणाऱ्या तरंगलांबीशी तुलना केली की थराची जाडी मिळते. बर्फाचं शोषण थोडं वेगळं असल्याने तोही ओळखता येतो. असे काही सेन्सर पडद्यावर ‘घर्षण’ असा आकडाही दाखवतात. ते टायरला शिवलेलेही नसतात. तो आकडा पाण्याच्या जाडीवरून बांधलेला अंदाज आहे हे लक्षात ठेवा.

आणि जाडी म्हणजे कुठपासून कुठपर्यंत? हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. खरखरीत रस्त्यावर अर्धा मिलिमीटर पाणी पडलं तर ते खडीच्या फटींत उतरतं आणि खडीची टोकं उघडी राहतात. गुळगुळीत रस्त्यावर तेवढंच पाणी सगळं वर दिसतं. म्हणून पाण्याबरोबर पृष्ठभागाचा पोतही मोजावा लागतो. आता हे काम लेझरने होतं. जुनी रीत मात्र इतकी साधी आहे की अजूनही चालते : ठरावीक मापाची बारीक वाळू किंवा काचेचे मणी रस्त्यावर ओतून गोल पसरवायचे, फटी भरून टोकांच्या पातळीला आले की वर्तुळाचा व्यास मोजायचा. २५ मिलिलिटर मणी २० सेंटिमीटर व्यासात मावले तर पोताची सरासरी खोली ०.८ मिलिमीटर.

एकाच रस्त्यावर दोन यंत्रं वेगवेगळे आकडे का देतात?

कारण ती वेगवेगळे प्रश्न विचारतात. लंबकाच्या यंत्रात रबराचा छोटा तुकडा ओल्या पृष्ठभागावरून सुमारे १२६ मिलिमीटर घासत जातो. त्याचा वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे त्याला खडीचा अगदी सूक्ष्म खरखरीतपणा कळतो आणि पाण्याचा निचरा कळत नाही. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या स्क्रिम या पकड मोजणाऱ्या गाडीचं एक चाक प्रवासाच्या दिशेशी २० अंशांचा कोन करून फिरतं, समोर पाणी सोडलेलं असतं आणि बाजूचं बल मोजलं जातं. अमेरिकेत रूढ असलेला ट्रेलर ताशी ६४ किलोमीटर वेगाला चाक पूर्ण जाम करून ओढतात. त्यात शंभर टक्के स्लिपवरचं घर्षण मिळतं, आणि ते कमाल पकडीपेक्षा कमी असतं. तिन्ही आकडे खरे. एका यंत्राचा आकडा दुसऱ्याच्या मर्यादेशी ताडून रस्ता पास किंवा नापास करणं मात्र चूक आहे. यंत्रांचा मेळ घालण्यासाठी १९९२ मध्ये पीआयएआरसी या जागतिक रस्ते संघटनेने मोठा तुलनात्मक प्रयोग केला. त्यातून आंतरराष्ट्रीय घर्षण निर्देशांक आला. तरीही यंत्रांची भांडणं पूर्ण मिटली आहेत असं म्हणवत नाही.

युरोपातल्या टायर लेबलवरचा ‘वेट ग्रिप’ वर्ग कसा ठरतो?

हे लेबल नोव्हेंबर २०१२ पासून आहे आणि मे २०२१ पासून वर्ग ए ते ई असे आहेत. गाडीवर टायर लावून ब्रेकची चाचणी करतात तेव्हा ताशी ८० पासून २० पर्यंतची सरासरी मंदता (वेग कमी होण्याचा दर) मोजतात. पाणी साधारण एक मिलिमीटर ठेवतात. महत्त्वाचं असं की तोच प्रयोग ठरलेल्या संदर्भ टायरवरही करतात आणि दोघांचं गुणोत्तर घेतात. चाचणीचा रस्ता थोडा झिजला किंवा ऊन वाढलं, तर दोघांवर परिणाम होतो आणि बराचसा कटून जातो. लेबल काय सांगत नाही हेही बघा. टायर नवा असतो, त्यामुळे झिजल्यावरची पकड कळत नाही. साचलेल्या पाण्यात तरंगण्याची कसोटी तर यात नाहीच.

टायरखालच्या पाण्याचे काचेतून काढलेले हिरवे फोटो कसले?

रस्त्यात जाड काच बसवतात, त्यावर चमकणारा रंग घातलेलं पाणी ठेवतात आणि खालून अतिवेगवान कॅमेरा लावतात. जिथे पाणी आहे तिथे रंग, जिथे रबर काचेला भिडलं तिथे काळं. गॉफचे तीन भाग इथे डोळ्यांनी दिसतात. फक्त काच गुळगुळीत असते आणि रस्ता तसा नसतो, तेव्हा फोटोवरून घर्षणांक सांगू नये.

रबराची परीक्षा गाडीशिवाय होते का?

होते. रबर खडीवरून सेकंदाला एक मीटर वेगाने घसरत असेल, तर एक मिलिमीटर अंतरावरचे उंचवटे त्याला सेकंदाला हजार वेळा दाबतात, आणि शंभरावा हिस्सा अंतरावरचे लाख वेळा. इतक्या वेगाने रबर दाबणारं यंत्र बनवणं कठीण. पण रबर थंड केलं की सावकाश दाबलं तरी ते तसंच वागतं. म्हणून प्रयोगशाळेत शून्य अंशाच्या आसपास ऊर्जेचा ऱ्हास मोजतात आणि त्यावरून ओल्या पकडीचा अंदाज घेतात. इंधन किती जाईल याचा अंदाज ६० अंशांवरच्या ऱ्हासातून येतो. एक वाढवायचा आणि दुसरा कमी ठेवायचा ही कसरत १९९०च्या दशकात टायरच्या रबरात सिलिका (वाळूतल्या द्रव्याची बारीक पूड) आल्यावर बरीच जमली.

कॉलेजच्या प्रकल्पात मोबाइलने हे करता येईल का?

टायरच्या आतलं नाही. फोन साधारणपणे सेकंदाला शे-दोनशे नोंदी घेतो, म्हणजे एक नोंद पाच ते दहा मिलिसेकंदांनी. अख्खा ठसा तेवढ्यात निघून जातो. ब्रेक मारताना गाडीची मंदता मात्र फोनवर मोजता येते. मंदतेला ९.८ ने भागलं की वापरलेली सरासरी पकड मिळते.

चूक कुठे होते ते सांगतो. ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते. नुसत्या दोन अंशांच्या झुकण्याने आकड्यात सुमारे ०.३४ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी भर पडते. मंदता ६ च्या आसपास असेल तर ही चूक पाच-सहा टक्के झाली, आणि दोन टायरमधला फरक कित्येकदा तेवढाच असतो. त्यामुळे फोन घट्ट बांधा, जायरोस्कोप वापरून झुकणं वजा करा आणि जीपीएसच्या वेगाशी ताळा बघा. एबीएस चालू असेल तर मिळणारा आकडा टायर आणि एबीएस या दोघांचा मिळून आहे, हे अहवालात लिहा.

चाचण्यांचा क्रम हा विद्यार्थी हमखास विसरतात असा भाग. आधी ‘अ’ टायरच्या सगळ्या फेऱ्या आणि मग ‘ब’च्या असं करू नका. तोवर रस्ता वाळतो, ऊन चढतं, आणि टायरचा म्हणून दिसणारा फरक प्रत्यक्षात दुपारचा असतो. अ, ब, पुन्हा अ असं करा. दोन्ही ‘अ’ जुळले नाहीत तर मधल्या ‘ब’वर बोलू नका. दर फेरीआधी त्याच टँकरने तेवढंच पाणी सोडा, रस्त्याचं तापमान टिपून ठेवा आणि हे सगळं बंद जागेतच करा, चालत्या रस्त्यावर नाही.